छायाचित्रणातील अनुकरणाभ्यास (नागपूर)

आवडत्या छायाचित्रकाराची लेन्स, प्रकाशाची निवड आणि चौकटीची बांधणी जाणूनबुजून उचलून छायाचित्रण शिकण्याची पद्धती. मूळ छायाचित्र तसे का दिसते, हे स्वतः कॅमेरा चालवून पडताळणे हा तिचा गाभा होय.

उगमाबद्दल एकमत नाही. युरोपीय चित्रशाळांत थोरांच्या चित्रांच्या नकला उतरवून घेत, त्याचीच ही शाखा असावी, असे एक मत. स्टुडिओतील उमेदवारीतून ती आली, हे दुसरे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांच्या बाबतीत चित्रशाळेतील शिक्षण आणि दुसऱ्या छायाचित्रकाराची प्रेरणा असे दोन धागे एकत्र येतात. टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणाऱ्या तीन मुलांचे हंगेरियन छायाचित्रकार मार्टिन मुंकाची यांचे छायाचित्र पाहून आपण छायाचित्रणाकडे वळलो, असे ते सांगत. त्या छायाचित्राचा काळ कोणी १९२९, कोणी १९३०, तर कोणी १९३१ देतात. ‘१९३० च्या सुमारास’ म्हणणे सुरक्षित. तथापि त्याआधीच ते चित्रकार आंद्रे लोत यांच्याकडे चित्रकला शिकले होते. त्यांच्या चौकटीतील भूमितीचे श्रेय लोत यांना देणे अधिक सयुक्तिक. मुंकाचीकडून आली ती क्षण पकडण्याची ओढ.

हीच साखळी पुढे भारतात येते. छायाचित्रकार रघुबीर सिंह (१९४२–१९९९) यांनी १९६६ मध्ये जयपुरात कार्तिए-ब्रेसाँ यांना काम करताना पाहिले. गुरूची चपळाई घेतली, पण कृष्णधवल सोडून रंग पत्करला. रघु राय यांचे नाव मॅग्नम या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेसाठी कार्तिए-ब्रेसाँ यांनीच सुचवले, मात्र राय यांच्या चौकटी गुरूपेक्षा कितीतरी दाट आहेत.

नागपुरात नवशिके बहुधा ५० मिमी लेन्स (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमी), फ्लॅश नाही, क्रॉप नाही, अशा कार्तिए-ब्रेसाँच्या बंधनांनी सुरुवात करतात. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत ती निभावतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबत (वाईटाचे प्रतीक म्हणून मिरवून जाळला जाणारा पुतळा) मिरवणुकीत मात्र अडतात. साधारण १८८० च्या दशकापासून चालत आलेल्या या मिरवणुकीत मागे सरकायला जागाच नसते, आणि पिवळी मारबत कृष्णधवलात नुसती फिकट राखाडी उरते. येथे रघुबीर सिंह यांचा कित्ता गिरवणे अधिक फलदायी. काळ्या मारबतीवर मीटर (कॅमेऱ्यातील प्रकाशमापक) धरल्यास कॅमेरा तिलाही राखाडी करू पाहतो. म्हणून एक्स्पोजर एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी ठेवावे लागते.

उलट अडचण दीक्षाभूमीच्या पांढऱ्या स्तूपाची. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास मांडलेल्या झोन पद्धतीत गडद काळ्यापासून शुभ्रापर्यंत शून्य ते दहा असे अकरा झोन कल्पिले आहेत. मीटर जे पाहील ते पाचव्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम राखाडीत, बसवते. उन्हातला घुमट सातव्यात हवा असेल, तर मीटरच्या आकड्यापेक्षा दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. अ‍ॅडम्सचे अनुकरण म्हणजे फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवणे, असा समज आढळतो; तो वरवरचा आहे.

परदेशी आदर्श येथे सर्वाधिक अडखळतो तो प्रकाशापाशी. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीस दुपारी बाराच्या पुढे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. सावली पायाखाली येते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. पॅरिस सुमारे ४९ अंशांवर आहे, तेथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. त्यामुळे ती तिरपी सावली हवी असणारे नागपूरकर उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी फुटाळा तलावावर काम करतात. हिवाळ्यात ही सक्ती सैलावते.

कायद्याच्या दृष्टीने शैलीचा अभ्यास मोकळा आहे. कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तिच्या विशिष्ट आविष्कारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात (१९७८) स्पष्ट केले. तो खटला नाटक व चित्रपटाचा होता. तत्त्व छायाचित्रांनाही लागू पडते.