बायनरी डेटाचे एन्कोडिंग आणि डिकोडिंग (पोलर्स)

कच्चे बाइट मजकुराच्या मोजक्या, कुठेही न बिघडणाऱ्या अक्षरांत लिहून काढणे म्हणजे बायनरी डेटाचे एन्कोडिंग, आणि त्या अक्षरांतून मूळ बाइट जसेच्या तसे परत मिळवणे म्हणजे डिकोडिंग. छायाचित्र, डिजिटल सही, हॅश (डेटाचा ठरावीक लांबीचा ठसा), सेन्सरने पाठवलेले आकडे यांपैकी काहीच मजकूर नसते. तरी सीएसव्ही किंवा जेसनसारख्या निव्वळ मजकुराच्या फाइलींतून ते न्यायचे झाले, की मजकुराचे सोंग घेणे भाग पडते. डेटावर प्रक्रिया करणाऱ्या बहुतेक लायब्रऱ्यांत (तयार कोडच्या संचांत) यासाठी सोय असते. पुढील विवेचन मुख्यतः पोलर्सच्या आधारे केले आहे. ही लायब्ररी रिची विंक यांनी २०२० मध्ये सुरू केली. ती रस्ट भाषेत लिहिलेली असली, तरी बरेच जण ती पायथनमधून वापरतात.

ही गरज ईमेलच्या काळातली आहे. जुन्या टपाल-यंत्रणा सात बिटांच्या इंग्रजी अक्षरांपलीकडे काही धड पोचवत नसत. १९८० मध्ये मेरी ॲन हॉर्टन यांनी युनिक्ससाठी यूयूएन्कोड हा बाइटांचा मजकूर करणारा प्रोग्रॅम लिहिला. आज ज्याला बेस६४ म्हणतात ती पद्धत १९८७ च्या सुरक्षित ईमेलविषयक मसुद्यात (आरएफसी ९८९; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांविषयीचे क्रमांकित दस्तऐवज) दिसते. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांच्या माइम या ईमेलविषयक मानकामुळे ती घरोघरी पोचली. सध्या प्रमाण मानली जाते ती २००६ ची आरएफसी ४६४८.

पोलर्समध्ये बायनरी हा कॉलमचा स्वतंत्र प्रकार आहे. 'बिन.एन्कोड' बाइटांचे मजकुरात रूपांतर करते आणि 'बिन.डिकोड' उलट दिशेने जाते. मजकुराच्या कॉलमसाठी 'स्ट्र.एन्कोड' आणि 'स्ट्र.डिकोड' आहेत. चौघींनाही दोनच पद्धती कळतात, हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांची) आणि बेस६४. डिकोड केल्यावर हाती येतात ते बाइट, मजकूर नव्हे. ते यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत मांडण्याची प्रचलित रीत) मजकूर म्हणून वाचणे ही वेगळी पायरी आहे, आणि नवशिक्यांची पहिली गल्लत इथेच होते. स्पार्क या दुसऱ्या डेटा-प्रणालीतून येणाऱ्यांचा गोंधळ आणखी वाढतो. तिथे 'एन्कोड' हा शब्द यूटीएफ-८ सारख्या अक्षरसंचासाठी राखलेला आहे, बेस६४ साठी 'बेस६४' आणि 'अनबेस६४' अशी वेगळी फंक्शने आहेत.

हेक्समध्ये एका बाइटची दोन अक्षरे होतात, म्हणजे आकार दुप्पट. बेस६४ तीन बाइट, म्हणजे २४ बिट, एकत्र घेऊन त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडते. प्रत्येक गटाची किंमत ० ते ६३ असते. त्यासाठी २६ कॅपिटल अक्षरे, २६ स्मॉल अक्षरे, दहा अंक आणि शेवटी अधिक (+) व तिरकी रेघ (/) अशी चिन्हे क्रमाने ठरलेली आहेत. आकार तृतीयांशाने वाढतो. शेवटी तीनाचा गट पुरा भरला नाही, तर बरोबरच्या चिन्हाने (=) भर घातली जाते.

देवनागरी आणि बेस६४ यांचा मेळ विलक्षण बसतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नेमके तीन बाइट घेते, म्हणून एका चिन्हाची बरोबर चार अक्षरे होतात आणि निव्वळ देवनागरी शब्दाला '=' कधीच लागत नाही. 'म' घ्या. त्याचे बाइट दशमानात २२४, १६४, १७४. सहा-सहा बिट पाडले की ५६, १०, १८, ४६ मिळतात, म्हणजे अंक ४, कॅपिटल के, कॅपिटल एस, स्मॉल यू. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. त्यांचे १५ बाइट, बेस६४ मध्ये २० अक्षरे, हेक्समध्ये ३०. पहिली तीन अक्षरे बहुतेक वेळा '४-के-एस' हीच येतात. दुसऱ्या वेलांटीपासून पुढच्या चिन्हांना मात्र '४-के-डब्ल्यू'. एकदा डोळ्यांत बसले, की अनोळखी फाइलमध्येही देवनागरी मजकूर झटकन ओळखू येतो.

याच हिशेबात काना आणि पहिली वेलांटी यांच्या वाट्याला शेवटचे दोन क्रमांक येतात. कान्याचे चौथे अक्षर '+' होते, पहिल्या वेलांटीचे '/'. मध्ये जागा आली की तीनाची घडी सरकते आणि हा नियम मोडतो, पण सुट्या शब्दांत तो अचूक पाळला जातो. वेबपत्त्याच्या प्रश्नभागात '+' ची जागा, म्हणजे स्पेस, होते. मराठीत काना किती वेळा येतो हे सांगायला नको. म्हणूनच '+' ऐवजी '-' आणि '/' ऐवजी '_' वापरणारा वेबसुरक्षित पर्याय मराठी मजकुरासाठी अगत्याचा आहे. पोलर्सला प्रमाण वर्णमाला अपेक्षित असते, तेव्हा असा मजकूर आला तर डिकोड करण्याआधी दोन्ही चिन्हे बदलून घ्यावीत.

बिघडलेल्या मजकुराचे काय करायचे, यावर लायब्ररीची पारख होते. पायथनचे मूळ बेस६४ मॉड्यूल, वेगळे सांगितले नाही तर, वर्णमालेबाहेरची अक्षरे गुपचूप टाकून देते. वेबपत्त्यात स्पेस झालेला एक '+' असा हरवला तर लांबी चारच्या पटीत राहत नाही आणि निदान चूक दिसते. चार हरवले तर लांबी पुन्हा जुळते आणि बेस६४ च्या पातळीवर कसलीही तक्रार न होता चुकीचे बाइट पुढे जातात. पोलर्स सुरुवातीपासून कडक आहे, एक ओळ जरी उलगडली नाही तरी काम थांबवते. 'स्ट्रिक्ट' हे कडकपणाचे सेटिंग बंद केले तर त्या ओळीत रिकामी किंमत, म्हणजे नल, येते. ते बंद करायचेच असेल, तर आधीचे आणि नंतरचे नल मोजून ताडून पाहावेत. त्याला एका ओळीपेक्षा जास्त कोड लागत नाही.

आकडे बाइटांत भरलेले असतील तर 'बिन.रीइंटरप्रेट' वापरतात. इथे बाइटांचा क्रम सांभाळावा लागतो. '०१ ०० ०० ००' हे चार बाइट लहान टोकापासून वाचले तर १, मोठ्या टोकापासून वाचले तर १,६७,७७,२१६.

पार्केसारख्या बायनरी स्वरूपाच्या फाइलमध्ये कच्चे बाइट थेट राहतात, तिथे बेस६४ करून ठेवणे म्हणजे जागेची आणि वेळेची नासाडी. एन्कोडिंग वेशीवर करावे, घरात नव्हे. ते कुलूपही नाही. बेस६४ मधला पासवर्ड कोणीही क्षणात वाचू शकतो.

कडकपणालाही न सापडणारी एक चूक उरते. हेक्सची सगळी अक्षरे बेस६४ च्या वर्णमालेत आहेतच. एसएचए-२५६ या पद्धतीचा ३२ बाइटांचा हॅश हेक्समध्ये ६४ अक्षरांचा असतो. तो चुकून बेस६४ म्हणून उलगडला तर कुठेही चूक दिसत नाही, फक्त ३२ ऐवजी ४८ बाइट मिळतात. म्हणून डिकोड झाल्यावर 'बिन.साइझ'ने लांबी पाहावी, आणि ३२ च आली तर पुढे जावे.