काच कुठपर्यंत आलीय?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी मागच्या पावसाळ्यात तीन पत्रकं माझ्यासमोर टाकली. एकावर १०० एमबीपीएस, दुसऱ्यावर २००, तिसऱ्यावर ३०० आणि वर कसले कसले सिनेमे फुकट. "तुम्ही कॉलेजात फिजिक्स शिकवलंय, यातलं कुठलं घेऊ तेवढं सांगा," एवढंच त्यांचं म्हणणं. घरात जुना लँडलाइन, त्यात खरखर. मुलगी पुण्याला. नातू सुट्टीला आला की दुसऱ्या दिवशीच "नेट नाही" म्हणून परत जायच्या गोष्टी करतो.

पत्रकांवरचे आकडे मी वाचलेच नाहीत. तिन्ही नंबरांवर फोन करून एकच विचारलं, तुमची काच कुठपर्यंत येते? पहिला म्हणाला, बिल्डिंगपर्यंत फायबर, तिथून पुढं लॅनची वायर. दुसरा म्हणाला, "वायरच नाही सर, गच्चीवर डबा बसवतो." तिसऱ्याला आधी प्रश्नच कळला नाही, मग म्हणाला, "फायबर होय? डायरेक्ट हॉलमध्ये."

फायबर म्हणजे अक्षरशः काचेचा धागा. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, आणि प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो तर जेमतेम ९ मायक्रॉनचा. गाभ्याभोवतीची काच किंचित वेगळ्या गुणधर्माची असते, त्यामुळं तिरका आलेला प्रकाश बाहेर न पडता पुन्हा आत वळतो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. मोगा इथं जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी लंडनमध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडं पाठवून दाखवलं, त्यावरचा शोधनिबंध १९५४ चा. पण तेव्हाच्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरात विझायचा. दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे, हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडलं. किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक हिस्सा प्रकाश उरला तरी दूरसंचाराला पुरे, असा त्यांचा हिशेब होता. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. कपानींना मिळालं नाही, याची हळहळ आपल्याकडं अजून आहे आणि ती मला रास्त वाटते.

आजच्या चांगल्या तंतूत किलोमीटरमागं प्रकाश घटतो तो जेमतेम पाच टक्के. सांगलीतून निघालेला प्रकाश मिरजेला पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त शाबूत असतो. मग घरी येईपर्यंत तो जातो कुठं? वाटण्यात जातो.

घरगुती फायबरची रचना बहुतेक ठिकाणी अशी असते, की एक्स्चेंजकडून एकच तंतू गल्लीपर्यंत येतो आणि खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या छोट्या डबीत त्याचे ३२ किंवा ६४ फाटे होतात. त्या डबीला स्प्लिटर म्हणतात. त्यात वीज नाही, चिप नाही, नुसती काच. प्रकाशाचे दोन भाग, मग प्रत्येकाचे पुन्हा दोन, असं पाच वेळा केलं की ३२. म्हणजे प्रत्येक घराला बत्तिसावा भाग, शिवाय थोडी घट. मिरजेपर्यंतच्या प्रवासात जातो त्याहून कितीतरी जास्त प्रकाश या मुठीएवढ्या डबीत जातो.

आणखी एक गंमत. ती डबी निर्बुद्ध असल्यामुळं कुणाचा प्रकाश कुणाला द्यायचा हे तिला कळत नाही. बत्तीसच्या बत्तीस घरांत सगळ्यांचाच प्रकाश येतो. शेजाऱ्यानं लावलेली मालिका तुमच्या भिंतीवरच्या मोडेमच्या डब्यापर्यंतही येते, फक्त ती कुलूपबंद असते आणि किल्ली शेजाऱ्याच्या डब्याकडं. तुमचा डबा स्वतःपुरतं उचलतो, बाकीचं सोडून देतो. उलट दिशेनं, घराकडून एक्स्चेंजकडं, सगळे एकदम बोलले तर गोंधळ होईल, म्हणून प्रत्येक डब्याला बोलायची पाळी ठरवून दिलेली असते. ती पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाहून लहान, त्यामुळं आपल्याला ती जाणवत नाही.

आता पत्रकांवरच्या आकड्याकडं येऊ. जीपॉन नावाच्या प्रचलित पद्धतीत त्या एका तंतूतून येणारी एकूण क्षमता जवळपास अडीच जीबीपीएस, म्हणजे अडीच हजार एमबीपीएस. ३२ घरांत सारखी वाटली तर वाट्याला ७८ एमबीपीएस, ६४ घरांत ३९. मग ३०० कसे विकतात? सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत या भरवशावर. ही लबाडी नाही, नगरपालिकेचा नळही याच भरवशावर चालतो. पण सकाळी साडेसहाला सगळ्यांनी मोटारी लावल्यावर नळाचं काय होतं ते आपण जाणतोच. नेटची साडेसहा रात्री नऊला वाजते. म्हणून वेग मोजायचा तो दुपारी नाही, रात्री नऊला, आणि आपल्या घरी नाही, तर त्याच गल्लीत तेच कनेक्शन असणाऱ्याच्या घरी. आणि हो, एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, तेव्हा आठानं भागा. १०० चं कनेक्शन सेकंदाला साडेबारा मेगाबाइट देतं. ज्या प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते तिला घाबरू नका. तासाला ३ जीबी खाणारा सिनेमा ११०० तास बघावा लागेल आणि महिन्यात तास असतात ७२०.

पहिल्या पत्रकवाल्याची काच बिल्डिंगपाशी संपते. पुढं तांब्याची लॅन वायर, तिची मर्यादा १०० मीटर, जी आपल्या इमारतींना भरपूर आहे. अडचण वेगळीच. जिन्यातल्या त्याच्या डब्याला वीज लागते आणि ती जिन्याच्या मीटरवरून घेतलेली असते. घरात इन्व्हर्टर असूनही नेट जातं ते यामुळं. शिवाय वायरीतल्या आठ तारांपैकी चारच जोडल्या असतील तर वेग १०० च्या वर जाणारच नाही, पत्रकावर काहीही छापलेलं असो.

दुसऱ्याच्या नावात फायबर होतं, घरात मात्र काच येत नव्हती. गच्चीवरचा डबा ५जी टॉवरच्या रेडिओ लहरी पकडतो. जिथं खांब नाहीत, मळ्यातल्या वस्तीवर, तिथं हा चांगला पर्याय आहे. गल्लीत काच आलेली असताना तो घेण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण टॉवरची क्षमता रस्त्यावरच्या प्रत्येक मोबाइलबरोबर वाटून घ्यावी लागते.

रेडिओ लहरींवरून आठवलं. आकाशवाणी सांगली १२५१ किलोहर्ट्झवर, म्हणजे तिची एक लहर २४० मीटर लांब. अशी लहर घरं, झाडं, टेकाडं यांना वळसा घालून जाते. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची सहा. गावभागातल्या जुन्या वाड्याच्या दीड हात जाड भिंतीपुढं ती मान टाकते, आणि पावसाळ्यात भिंत ओलावली की आणखीच, कारण पाणी या लहरी शोषतं. "नेट स्लो आहे" या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी त्या भिंतीच्या असतात आणि शिव्या कंपनी खाते. राउटर टीव्हीमागं, कपाटात किंवा स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हशेजारी ठेवू नये. तो घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला असावा. तसं केलं की वरचा प्लॅन घ्यायची गरजच बऱ्याचदा उरत नाही.

काकूंचा खरा जीव अडकला होता फोनमध्ये. तांब्याच्या लँडलाइनला वीज घरची लागत नाही. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून त्याच दोन तारांवर उणे ४८ व्होल्ट येतात. उणे अशासाठी की धन दाब दिला तर ओलाव्यात तांबं झिजतं. लाइट गेली तरी फोन वाजायचा तो या बॅटऱ्यांमुळं. काचेतून वीज येत नाही. घरातला डबा बंद तर फोन बंद. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. अशा वेळी पाण्यात गेलेल्या भागाची वीज मुद्दाम बंद ठेवतात. पण म्हणून तांबंच बरं, असं नाही. पुराचं पाणी जमिनीतल्या जोडांत शिरलं की आधी खरखर आणि मग शांतता. काचेतल्या प्रकाशाला पाण्याचं तितकं वाकडं नाही. घरच्या डब्याला १२ व्होल्ट लागतात आणि तो खातो दहाएक वॅट. छोटा यूपीएस त्याला काही तास सहज ओढतो. तो काकूंना घ्यायला लावला.

फोनला लागणारा वेग ऐकून मात्र त्या हसल्या. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावरचं पत्त्याचं वेष्टन धरून नव्वदच्या आत. १०० एमबीपीएसचा हजारावा भागसुद्धा नाही. कॉल तुटतो तो वेग कमी म्हणून नाही, तर आवाजाचे तुकडे मागं-पुढं पोचतात किंवा हरवतात म्हणून.

राहिला नंबर. मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर कंपनी बदलून ठेवता येतो, PORT असं इंग्रजी अक्षरांत लिहून पुढं नंबर टाकून १९०० ला मेसेज करायचा. लँडलाइनचं तसं नाही. त्याच कंपनीत तांब्यावरून काचेवर जाताना जुना नंबर राहील का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं. आणि पत्रकावरच्या किमतीत १८ टक्के जीएसटी बहुधा धरलेला नसतो. ४९९ चे ५८९ होतात.

काकूंनी तिसऱ्याचं घेतलं, त्याच्याकडचा सगळ्यात लहान प्लॅन. त्याची वायर खांबांवरून येते हे मला खटकलं होतं. गळीत हंगामात उसाच्या उंच ट्रॉल्या अशा वायरी ओढून नेतात. "ट्रॉलीनं तोडली तर किती वेळात जोडता?" असं विचारलं तर तो म्हणाला, "माणूस इथंच कुपवाडला असतो." दुसऱ्या वाटेनं पर्यायी वायर आहे का, यावर त्यानं विषय बदलला.

ट्रॉली येण्याआधीच, दिवाळीत, डब्यावर लाल दिवा लागला. कुपवाडचा माणूस खरंच तासाभरात आला. त्यानं वायर काढून मीटरला लावली आणि म्हणाला, "पॉवर उणे एकोणतीस. चालंना." मी काकूंना समजावलं. हे मोजमाप डेसिबलचं. उणे २० म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा भाग, उणे ३० म्हणजे हजारावा. उणे २७ च्या आसपास डब्याचे डोळे मिटतात. जोडणी झाली त्या दिवशी उणे एकवीस होतं. मग एवढा प्रकाश गेला कुठं?

त्यानं हॉलभर नजर फिरवली आणि सरकत्या खिडकीपाशी थांबला. दिवाळीची साफसफाई झाल्यावर काकूंनी खिडकी घट्ट ओढून घेतली होती आणि वायर तिच्या चौकटीत दुमडली होती. काच एका मर्यादेपलीकडं वाकली की आतला प्रकाश परत वळायचा सोडून बाजूनं निसटतो. त्यानं खिडकी दोन बोटं सरकवली. उणे बावीस.

"म्हणजे आता थंडीत खिडकी उघडीच ठेवायची होय?" काकू म्हणाल्या.

त्यानं पिशवीतून ड्रिल काढलं, चौकटीशेजारी भोक पाडलं, वायर त्यातून घेतली आणि पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरून सिमेंटचा गोळा लावून दिला. पैसे मागितले नाहीत. काकूंनी त्याला चकल्या बांधून दिल्या.