पार्श्वभूमी : मागे पडलेले भव्य ऐतिहासिक चित्रपट

भव्य ऐतिहासिक चित्रपट म्हटलं की गप्पांची गाडी 1960 च्या 'मुघल-ए-आझम'वर येऊन थांबते. त्याचं कौतुक रास्तच आहे. पण त्याआधीच्या चाळीस वर्षांत मुंबई, पुणे आणि कोल्हापुरात निघालेल्या ऐतिहासिक पटांपैकी निदान तीन-चार त्याच तोलामोलाचे आहेत. 'जुनाट', 'नाटकी' असा शिक्का मारून आपण ते बाजूला ठेवतो. त्यात चित्रपटांचा दोष थोडा आहे. ते ज्या प्रतींतून आपल्यापर्यंत पोचतात, त्या प्रतींचा फार मोठा.

पाया घातला तो कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी. 'सिंहगड' (1923) या मूकपटात त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, तेव्हा ती नवलाई होती. शेलारमामाच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते. हा चित्रपट आज पाहायला मिळत नाही. 1930 मध्ये प्रभात फिल्म कंपनीने शिवरायांवर 'स्वराज्याचे तोरण' काढला. मुंबईत 1920 पासून सेन्सॉर बोर्ड बसलं होतं आणि 'स्वराज्य' हा शब्द सरकारला खपणारा नव्हता. शेवटी चित्रपट लागला तो 'उदयकाल' या नावाने. आजच्या राजकारणाबद्दल बोलायचं तर कथा जुन्या काळात न्यायची, हे निर्मात्यांनी त्यानंतर पक्कं ओळखलं.

ही वाट सगळ्यांत ताकदीने चालले निर्माते-दिग्दर्शक सोहराब मोदी. 1936 मध्ये त्यांनी मुंबईत मिनर्व्हा मूव्हीटोन ही चित्रपटसंस्था काढली, 1939 मध्ये 'पुकार' आणि 1941 मध्ये 'सिकंदर'. पृथ्वीराज कपूर सिकंदर, मोदी स्वतः पोरस. परकीय स्वारीपुढे न वाकणारा राजा 1941 साली पडद्यावर काय सांगतोय, हे इंग्रजांना बरोबर कळलं. लष्करी छावण्यांतल्या काही थिएटरांत 'सिकंदर' दाखवायला बंदी झाली. आज तो पाहताना लढाईच्या प्रसंगांकडे नीट लक्ष द्यावं. हत्ती खरे, घोडे खरे, माणसं खरी, आणि गर्दी चौकटीच्या तळापासून पार मागच्या टोकापर्यंत भरलेली. संवाद पल्लेदार आहेत, कारण मोदी रंगभूमीवरून आले होते. ती शैली आहे, उणीव नव्हे, असं आमचं स्पष्ट मत.

लढाईशिवायही भव्यता उभी राहते, हे प्रभातच्या 'रामशास्त्री'ने (1944) दाखवलं. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश गजानन जागीरदारांनी उभा केला; समोर ललिता पवारांची आनंदीबाई. दरबारातल्या एका माणसाच्या नकाराला इथे रणांगणाचं वजन येतं. मराठीतला हा सर्वोत्तम ऐतिहासिक चित्रपट म्हणायला हरकत नाही.

सगळ्यांत मोठा अन्याय झाला तो 'झाँसी की रानी'वर (1953). टेक्निकलर या रंगीत चित्रपटांच्या पद्धतीत संपूर्णपणे निघालेला हा पहिला भारतीय चित्रपट. छायालेखनासाठी मोदींनी अर्नेस्ट हॅलर यांना बोलावलं. 'गॉन विथ द विंड'च्या ऑस्करविजेत्या छायालेखकांपैकी ते एक. राणी झाल्या मेहताब. चित्रपट पडला आणि मोदींना मोठा फटका बसला. 1956 मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती 'द टायगर अँड द फ्लेम' नावाने आली. पुढे बहुतेकांनी हिंदी आवृत्ती पाहिली ती फिकट कृष्णधवल प्रतींतून. ज्या रंगांसाठी एवढा खर्च केला, ते रंगच गेले, तर उरलेल्यावरून निकाल कसा देणार?

टेक्निकलरच्या प्रतीत पिवळा, निळसर आणि किरमिजी असे तीन रंग फिल्मवर एकापाठोपाठ छापले जात. हे रंग दशकानुदशकं टिकतात. नंतर आलेल्या स्वस्त ईस्टमनकलरच्या प्रतींत निळसर रंग आधी उडतो आणि अख्खा चित्रपट गुलाबी पडतो.

त्याहून जुन्या चित्रपटांचा शत्रू म्हणजे नायट्रेट फिल्म. 1950 च्या सुमारापर्यंत 35 मिमीची फिल्म नायट्रेटचीच असे. उष्ण आणि दमट हवेत, म्हणजे थेट मुंबईच्या हवेत, ती लवकर सडते: आधी चित्र विटतं, मग थर चिकट होऊन रिळाचे वेढे एकमेकांना चिकटतात, शेवटी तपकिरी भुकटी उरते. पेटली तर पाण्यानेही विझत नाही, कारण जळण्यापुरता ऑक्सिजन तिच्यातच असतो. त्यात फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी जुनी रिळं विकली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं 1964 मध्ये, तोवर बरंच हातचं गेलं होतं. 2003 मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटच्या आणखी प्रती जळाल्या.

वाचलेले चित्रपटही घरी नीट दिसत नाहीत. या काळातल्या बोलपटांची चौकट 1.37:1 असते, म्हणजे रुंदी उंचीच्या 1.37 पट. रुंद टीव्ही भरावा म्हणून ती टीव्हीच्या 16:9 या आकारात कापली की उंचीचा जवळपास 23 टक्के भाग जातो. 'सिकंदर'मध्ये मग भाल्यांची टोकं आणि हत्तींवरचे स्वार कापले जातात. 'रामशास्त्री'त दरबाराचं छत दिसेनासं होतं आणि माणसं कोंदट खोलीत बसल्यासारखी वाटतात. म्हणून ऑनलाइन प्रत निवडताना चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे असलेलीच घ्यावी, आणि पगड्या कपाळावरच कापलेल्या दिसल्या तर दुसरी शोधावी.