चाळकेवाडीची पाल आणि मोडीत निघालेले टेराटोलेपिस

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरून २००८ मध्ये हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस ही नवी प्रजाती नोंदली गेली. हेमिडॅक्टिलस हे कुळ (जीनस) घरातल्या पालींचेच, पण हिचा मुक्काम जमिनीवर, जांभ्याच्या सुट्या दगडांखाली. त्याच वर्षी या कुळाबाबत एक मोठा निर्णय झाला.

सिंधमधील एका जमिनीवरच्या पालीसाठी १८६९ मध्ये टेराटोलेपिस हे वेगळे कुळ केले गेले. पाठीवर कौलांसारखे एकावर एक चढलेले मोठे खवले आणि फुगीर शेपूट, एवढ्या आधारावर ते जवळजवळ १४० वर्षे टिकले. कोकणातील अल्बोफॅसिएटस ही पाल १९६३ मध्ये हेमिडॅक्टिलस म्हणूनच नोंदली गेली होती. पुढे खवल्यांकडे बोट दाखवून तिलाही टेराटोलेपिसमध्ये हलवण्यात आले.

डीएनए तपासल्यावर टेराटोलेपिसची फांदी हेमिडॅक्टिलसच्या भारतीय शाखेतूनच फुटलेली निघाली. एका कुळाच्या पोटात दुसरे वेगळे कुळ ठेवता येत नाही, म्हणून दोनच वाटा उरल्या: हेमिडॅक्टिलसचे अनेक तुकडे करायचे किंवा टेराटोलेपिस त्यात विलीन करायचे. दुसरी वाट धरली गेली आणि तीच योग्य होती. खवल्यांची ठेवण राहणीमानाप्रमाणे बदलू शकते. एकट्या तिच्यावर कुळ उभे करणे मुळातच कच्चे काम. दोन्हींत हेमिडॅक्टिलस हे नाव जुने, म्हणून तेच राहिले. अल्बोफॅसिएटस परत आली. सिंधच्या पालीचे मूळ नाव 'फॅसिएटा' मात्र नव्या घरात चालेना, कारण हेमिडॅक्टिलस फॅसिएटस हे नाव १८४२ पासून एका आफ्रिकी पालीकडे होते. तिला इम्ब्रिकेटस हे नवे नाव द्यावे लागले. सातारेन्सिस याच दोघींची जवळची नातलग. खवल्यांचा जुना निकष चालू राहिला असता, तर तिच्या कुळावरही वाद झाला असता.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपाशी शिकारी पक्षी कमी आणि सरडे जास्त, असा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. तो पालीला जसाच्या तसा लावू नये. ते सरडे दिवसा उघड्यावर फिरतात, ही पाल रात्री बाहेर पडते. दिवसाच्या शिकारी पक्ष्यांचा धोका दोघांना सारखा नाही. तिच्यासाठी सुटे दगड महत्त्वाचे. रस्ता किंवा बांधकामासाठी ते उचलले की आडोसा जातो. पाहणीत दगड उलटला, तर पाल आधी बाजूला होऊ द्यावी आणि मग तो त्याच जागी, त्याच बाजूने ठेवावा. नाहीतर खालचा ओलावा उडतो किंवा पाल चिरडते. शेपटीला हात लावू नये, ती तुटते.

जुन्या नोंदींतील टेराटोलेपिस आज हेमिडॅक्टिलस म्हणून वाचता येते. 'हेमिडॅक्टिलस ब्रुकाय' या नावाच्या नोंदींचे तसे नाही. त्या एका नावाखाली भारतभर अनेक प्रजाती घातल्या गेल्या होत्या, त्यातल्या काही आता वेगळ्या ओळखल्या जातात. सातारा-सांगलीतील अशी जुनी नोंद नमुना किंवा स्पष्ट छायाचित्र नसेल, तर कोणत्याही एका प्रजातीच्या खाती टाकू नये.