काळा रंग बोटाला लागतोय? पितळ काळं करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या ब्लॅकिंग द्रावणाबद्दल येणारे बहुतेक फोन एकाच वाक्यानं सुरू होतात: "काळं तर झालं, पण बोटाला लागतंय." पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "बाटली जुनी आहे का हो?" मग आम्ही विचारतो, भाग किती वेळ बुडवला होता? पलीकडे जरा शांतता. मग हळूच उत्तर येतं, "तसा बराच वेळ. नीट काळा व्हावा म्हणून."

त्या "बराच वेळ"साठी हे पत्रक काढलं आहे. पितळ कसं कापायचं, आटे कसे पाडायचे, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. बाटलीच्या लेबलावर बाकीचंही सगळं छापलेलं आहे. पण लेबल लहान पडतं, आणि त्यावरचं "एक ते दोन मिनिटं" फारसं कुणी मनावर घेत नाही.

टाकीत नेमकं काय होतं

द्रावणात सेलेनियमचं संयुग, तांब्याचा क्षार आणि थोडं ॲसिड असतं. पितळ त्यात गेलं की पृष्ठभागावरचं तांबं सेलेनियमशी संयोग पावतं आणि कॉपर सेलेनाइडचा काळा थर तयार होतो. हा वरून फासलेला रंग नव्हे. तो पितळाच्याच अंगातून उठतो, म्हणून धरून राहतो. पण एकदा सगळा पृष्ठभाग झाकला गेला की द्रावणाची आणि खालच्या पितळाची गाठ पडणं थांबतं. त्यानंतर जे साचतं ते थरावर साचतं, पितळावर नाही. कंदिलाच्या काचेवर धरते तशी ती काजळी असते, आणि काजळी बोटाला लागणारच.

भागाकडे नीट बघत राहिलात तर घड्याळाचीही गरज नाही. पहिल्या काही सेकंदांत पिवळं पितळ तपकिरी होतं. मग जांभळट, निळसर झाक येते. ती झाक विरून सगळीकडे सारखा काळा रंग दिसला की भाग बाहेर काढायचा. थंडीत थोडा जास्त वेळ लागतो, उकाड्यात कमी. पण दहा मिनिटं कधीच लागत नाहीत. लागत असतील तर भाग स्वच्छ नाही किंवा द्रावण संपलेलं आहे, आणि या दोन्हींवर जास्त वेळ बुडवणं हा उपाय नाही.

एवढं सोपं असताना लोक जास्त वेळ का ठेवतात? कारण भाग धुऊन पुसल्यावर तो राखाडी दिसतो. पाटी आठवा. ओल्या फडक्यानं पुसली की काळीभोर, वाळली की राखाडी. इथेही तेच. थर बारीक खडबडीत असतो, कोरडा असताना त्यावरून उजेड सगळीकडे विखुरतो आणि काळेपणा मरतो. तेल किंवा मेण लावलं की ते खाचांत भरतं आणि तोच भाग एका क्षणात काळाकुट्ट दिसतो. म्हणजे तुम्ही जो काळेपणा टाकीत शोधत राहता तो तेलाच्या फडक्यात असतो. कोरडा भाग बघून "अजून नाही झाला" असं ठरवायचं आणि पुन्हा बुडवायचं, आमच्याकडच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

आम्ही हे पुस्तकात वाचून सांगत नाही. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाचे नर्लिंग केलेले, म्हणजे पकडीसाठी अंगावर खाचा पाडलेले, बारा नॉब टाकीत सोडले, तेवढ्यात फोन आला, आणि बोलणं लांबलं. परत आलो तेव्हा नॉब मखमलीसारखे काळे. इतका सुंदर काळा आम्ही तोवर पाहिला नव्हता. खूश होऊन धुतले, वाळवले, कागदात गुंडाळून दिले. संध्याकाळी गिऱ्हाईक परत आलं ते तळवे पुढे करूनच. नॉबचे कंगोरे पिवळे, खाचा काळ्या, आणि उरलेली मखमल त्यांच्या हातावर. तेव्हापासून टाकीत भाग असताना आमच्याकडे फोन उचलला जात नाही. तुमचा फोन कधी वाजत राहिला तर कारण हे समजा.

असा भाग तुमच्याकडे आत्ता पडलेला असेल तर टाकून देऊ नका. हातमोजे घालून वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशनं काजळी धुऊन काढा, पूर्ण वाळवा, तेलाचं फडकं फिरवा. खाली चांगला थर सापडण्याची शक्यता बरीच असते. ठिगळं दिसली तर मात्र घासणीनं ओलं घासून पुन्हा पितळ उघडं करायचं आणि नव्यानं सुरुवात. सुकं घासू नका, ती धूळ श्वासात जायला नको.

पाणी घाला, आम्हीच सांगतोय

एक भाग द्रावण, चार भाग डिस्टिल्ड पाणी. काही जण हे वाचून डोळा मारतात: कंपनीच पाणी मिसळायला सांगते म्हणजे काहीतरी गोम असणार. गोम असलीच तर आमच्या तोट्याची आहे. तुम्ही बाटली तशीच वापरलीत तर ती पाचपट लवकर संपेल आणि आमचा खप वाढेल. तरी सांगतो, कारण दाट द्रावणात थर इतक्या घाईनं बसतो की तो धरून राहत नाही. पातळ द्रावणात तो सावकाश आणि घट्ट बसतो, शिवाय रंग बदलताना तुम्हाला दिसतो आणि वेळेवर हात घालता येतो.

उत्तम काम हवं असेल तर दोनदा बुडवा, पण दोन्ही वेळा थोडाच वेळ. पहिल्यांदा काळा झाला की धुवा, बारीक घासणीनं हलक्या हातानं अंगावरून फिरवा, म्हणजे सैल असेल ते निघून जाईल. पुन्हा धुवा आणि पुन्हा अर्धा-एक मिनिट बुडवा. हा दुसरा थर पहिल्याच्या फटी भरतो. घासायला स्टील वूल घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: गंजू नये म्हणून त्याला बहुधा तेल लावलेलं असतं, आणि ते तेल तुमच्या स्वच्छ भागावर जातं.

भाग लटकवायला लोखंडी तार वापरू नका. द्रावणातलं तांबं त्या तारेवर चढतं, तार लालसर होते आणि द्रावण फुकट खर्ची पडतं. तांब्याची तार किंवा प्लॅस्टिकची दोरी चालते. त्याच कारणानं, पितळी भागात स्टीलची पिन किंवा स्क्रू बसवलेला असेल तर तो आधी काढा. वापरलेलं द्रावण बाटलीत परत ओतायचं नाही, ही सूचना लेबलावर लाल अक्षरांत आहे. तरी परत ओतलेल्या बाटल्या "खराब निघाली" म्हणून आमच्याकडे येतात. त्या बदलून मिळत नाहीत.

स्वच्छता

याबद्दल तुम्ही इतरत्र पुष्कळ वाचलं असेल, म्हणून थोडक्यात. गरम पाणी, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश. मग भागावर पाणी ओतून बघा. पाण्याचा सलग पडदा राहिला तर भाग स्वच्छ. पाणी फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेलकट आहे आणि तिथे डाग पडणारच. एकदा हे जमलं की भागाला बोट लावायचं नाही. तारेला धरायचं, किंवा पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे घालायचे.

सर्वांत जास्त त्रास बफ केलेल्या, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चमकवलेल्या, भागांचा. बफिंगच्या साबणात मेण आणि चरबी असते. ती नर्लिंगच्या खाचांत आणि आट्यांच्या तळाशी जाऊन बसते आणि नुसत्या साबणानं निघत नाही. आधी रॉकेल किंवा थिनर, मगच साबण. हे काम उघड्या हवेत आणि आगीपासून लांब करा. जुन्या कड्या, मुठी, बिजागऱ्या यांच्यावर पुष्कळदा लॅकरचा पारदर्शक लेप असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. ॲसिटोननं तो काढल्याशिवाय पितळ द्रावणाला भेटतच नाही.

व्हिनेगर आणि मिठात भाग रात्रभर ठेवून उजळवणारेही आहेत. त्यात पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं, वर तांबं उरतं आणि पितळ लालसर दिसू लागतं. त्यावर काळं चढतं, पण छटा वेगळी येते. जोडीचे भाग असतील तर दोघांना एकच वागणूक द्या.

"त्यापेक्षा अमुक वापरलं तर?"

गंधकाचं द्रावण, ज्याला लिव्हर ऑफ सल्फर म्हणतात, ते तांब्यावर छान चालतं. पितळावर मात्र निराशा होते, कारण तांब्याचं सल्फाइड काळं असलं तरी जस्ताचं पांढरं असतं. पितळात जस्त भरपूर. लेथवर सुरेख कापलं जाणारं फ्री कटिंग पितळ घेतलं तर त्यात तांबं साधारण 57 ते 60 टक्के, शिसं 2 ते 3 टक्के आणि बाकी जवळपास सगळं जस्तच.

अमोनियात कॉपर कार्बोनेट विरघळवून पितळ काळं करायची रीत जुनी आणि चांगली आहे. वैज्ञानिक उपकरणांवर तिचा भरपूर वापर झाला. आम्ही ती विकत नाही याची दोन कारणं. बंद खोलीत अमोनियाची वाफ सोसवत नाही हे एक. दुसरं अधिक महत्त्वाचं: ताण असलेलं पितळ अमोनियानं तडकतं. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असताना आपोआप तडे जाऊन निकामी होत. घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाचा हा प्रताप असल्याचं 1921 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून उलगडलं. ओढून, दाबून, वाकवून बनवलेला तुमचा भाग त्या काडतुसाचाच भाऊबंद आहे.

ज्योतीवर तापवून काळं करणाऱ्यांना एवढंच सांगतो की स्प्रिंगसारखी पट्टी असेल तर तिचा ताठरपणा जाईल, आणि तो परत येत नाही.

नंतरचं काम

बाहेर काढल्यावर वाहत्या पाण्यात भरपूर धुवा, मग खायच्या सोड्याच्या फिकट पाण्यात थोडा वेळ बुडवून पुन्हा धुवा. बंद भोकं आणि आटे यांच्यात अडकलेलं ॲसिड आठवडाभरानं हिरवट फुलोरा होऊन बाहेर येतं, तेव्हा तिथे पाणी नीट पोहोचू द्या. पूर्ण वाळवा, शक्य असेल तर रात्रभर ठेवा, आणि मग तेल किंवा मेण लावा. हाताळायच्या भागांना आम्ही मेणच सुचवतो. आमच्याकडे मेणाची छोटी डबीही मिळते, पण घरात चांगलं पॉलिशचं मेण असेल तर तेच आधी संपवा.

थर एक शतांश मिलिमीटरपेक्षा कितीतरी पातळ असतो. मापात फरक पडत नाही, पण घासणाऱ्या जागी तो टिकणारही नाही. बेअरिंगची जागा, सरकणारी दांडी किंवा सतत उघडझाप होणारे आटे काळे करून "गेला" म्हणून कळवू नका. तो जाणारच आहे. खालच्या पृष्ठभागाचे दोषही काळ्यानं झाकले जात नाहीत. टूलच्या खुणा असतील तर काळ्या खुणा मिळतील, चकचकीत असेल तर चकचकीत काळं. दुर्बिणीच्या नळीला आतून चमक नको असेल तर आधी आत बारीक आटे पाडा, मगच काळं करा. नुसत्या गुळगुळीत काळ्या नळीतून तिरका उजेड परावर्तित होतच राहतो.

या द्रावणाचं सर्वांत सुंदर काम बघायचं असेल तर एखाद्या डायलवर बघा. रेघा आणि आकडे कोरून घ्या, सगळा डायल काळा करा, धुऊन वाळवा. मग सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून पाण्याबरोबर डायलचा चेहरा हलकेच घासा. वरचं काळं निघतं, पिवळं पितळ उजळतं आणि प्रत्येक रेघेत काळं तसंच राहतं. ब्रशनं रंग भरायला बसायला नको.

काही गोष्टींना आमचा साफ नकार

सेलेनियमची संयुगं विषारी आहेत. पेले, चमचे, पाण्याचे नळ, अंगावर घालायचे दागिने आणि मुलांची खेळणी आम्ही काळी करून देत नाही, तुम्हीही करू नका. मोजे आणि चष्मा घाला, खिडक्या उघड्या ठेवा, स्वयंपाकघरातलं भांडं टाकीसाठी घेऊ नका. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचे ओतीव भाग या द्रावणात टाकू नका आणि दुसरं कुठलंही ॲसिड त्यात मिसळू नका. त्यातून घातक वायू निघू शकतो. काम करणाऱ्याच्या श्वासाला लसणासारखा वास येऊ लागला तर ती सेलेनियम शरीरात गेल्याची ओळखीची खूण आहे. काम थांबवून डॉक्टरांकडे जा आणि बाटली सोबत न्या.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवा, झाकण घट्ट लावा, वर नाव लिहा आणि पुढच्या खरेदीच्या वेळी घेऊन या. आमच्या कारखान्याच्या रासायनिक कचऱ्याबरोबर ते जातं. त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही.

जॉबवर्कसाठी भाग पाठवणार असाल तर बफ न करता पाठवा, आणि सोबत त्याच सळईचा कापलेला एखादा तुकडा द्या. तुमच्या भागाआधी आम्ही तो बुडवून बघतो. तुकडा नसेल तर काम घेतो, पण छटेबद्दल शब्द देत नाही.