उत्तेजक औषधे आणि मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह

अनुकंपी तंत्रिका तंत्राला (ताणाच्या वेळी शरीर सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंच्या यंत्रणेला) चेतवणाऱ्या किंवा तसा परिणाम घडवणाऱ्या द्रव्यांमुळे (कोकेन, अँफेटामीन, एफेड्रीन, डोपामीन इ.) मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तात होणारा बदल. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. तरीही विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सु. २०–२५% रक्त त्यांच्याकडे जाते. त्यातले बहुतेक बाह्यकात (बाहेरच्या थरात) फिरते. मध्यकाला (आतल्या भागाला) मुळातच ऑक्सिजन बेताचा, त्यामुळे प्रवाह घटल्याची झळ त्याला लवकर बसते.

कोकेन नॉरएपिनेफ्रिनचे (या तंत्राच्या संदेशवाहक द्रव्याचे) तंत्रिकाग्रात पुनर्ग्रहण रोखते, तर अँफेटामीन ते तंत्रिकाग्रातून बाहेर काढते. परिणाम सारखाच : आल्फा ग्राही (पेशींवरील संदेश घेणारे रेणू) चेतून सूक्ष्म रोहिण्या आवळतात, शिवाय बीटा ग्राहींमुळे रेनिन हे एंझाइम स्रवून अँजिओटेन्सिन-२ हे वाहिन्या आवळणारे हॉर्मोन तयार होते. त्याचा जोर केशिकागुच्छातून (रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या झुपक्यातून) बाहेर पडणाऱ्या रोहिणीवर अधिक असल्याने प्रवाह घटूनही गाळण काही काळ टिकते. रक्तातील क्रिएटिनीनवरून (गाळण मंदावल्यास वाढणाऱ्या टाकाऊ द्रव्यावरून) ही अवस्था ओळखू येत नाही. कोकेनमुळे मूत्रपिंडाचा काही भाग रक्ताअभावी मृत झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या तुरळक. स्नायूंचा नाश होऊन मायोग्लोबिन (स्नायूंतील प्रथिन) मूत्रपिंडाच्या नलिकांत साचणे हेही मूत्रपिंडाच्या इजेचे तितकेच महत्त्वाचे कारण आहे.

डोपामीनबाबत मात्र बराच वाद झाला. १९६४ मध्ये गोल्डबर्ग व सहकाऱ्यांनी ते मानवात मूत्रपिंडातील प्लाझ्मा-प्रवाह, गाळण व सोडियम-उत्सर्जन वाढवते असे दाखवले. त्यावरून अल्प मात्रेचे डोपामीन (दर किग्रॅ. वजनास मिनिटाला सु. १–३ मायक्रोग्रॅम) मूत्रपिंड वाचवते, ही समजूत अतिदक्षता विभागांत रूढ झाली. यातली गफलत मापनातही आहे. पॅरा-अमिनोहिप्युरेट या टोचलेल्या द्रव्याच्या निष्कासनावरून (रक्तातून ते लघवीत जाण्याच्या वेगावरून) प्रवाह काढताना मूत्रपिंड ते रक्तातून जवळजवळ पूर्ण काढून घेते असे धरले जाते. आजारी मूत्रपिंडाला हे लागू पडत नाही. लघवी वाढली तरी त्याचे श्रेय प्रवाहाला देता येईलच असे नाही, कारण डोपामीन नलिकांतील सोडियमचे पुनःशोषणही कमी करते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील ३२८ रुग्णांच्या चाचणीत (२०००) प्लासीबोच्या (औषध नसलेल्या बनावट उपचाराच्या) तुलनेत फायदा आढळला नाही. त्यानंतर ही प्रथा मागे पडली, ते योग्यच झाले.

कॅफीनची तऱ्हा वेगळी. अ‍ॅडेनोसिन हे शरीरातलेच द्रव्य अन्यत्र बहुधा वाहिन्या रुंदावते, पण मूत्रपिंडात आत येणारी रोहिणी आवळते. कॅफीन त्याचेच ग्राही अडवते, म्हणजे हे आवळणे रोखते. नेहमी चहा-कॉफी पिणाऱ्यांत कॅफीनचा मूत्रल (लघवी वाढवणारा) परिणाम मंदावतो.

एफेड्रीनयुक्त पूरकांवर अमेरिकेने २००४ मध्ये बंदी घातली. त्यांच्या अतिसेवनाने एफेड्रीनचेच मुतखडे झाल्याची उदाहरणे आहेत.