कॅम्बर आणि कॅस्टर: वळणावर टायरला कोण सांभाळतं?

चाकांची अलाइनमेंट तपासणाऱ्या मशीनमधून निघणाऱ्या कागदावर टोच्या (वरून पाहता चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत त्याच्या) सोबतीला आणखी दोन आकडे छापलेले असतात, कॅम्बर आणि कॅस्टर. दोन्ही अंशांत, दोन्ही कलाबद्दल, आणि नावंही जवळजवळ सारखी. त्यामुळे भल्याभल्यांची गल्लत होते. गाडी वळणावर का धरून चालते किंवा का घसरते हे समजून घ्यायचं असेल, तर हे दोघं वेगळे ओळखता यायलाच हवेत.

कॅम्बर समोरून दिसतो. पुढच्या चाकाचा वरचा भाग आत, इंजिनाच्या बाजूला झुकला असेल तर कॅम्बर निगेटिव्ह. बाहेर झुकला असेल तर पॉझिटिव्ह. हा चाकाचा स्वतःचा कल.

कॅस्टर बाजूने पाहावा लागतो, आणि तो चाकाचा कल नाहीच. चाक ज्या अक्षाभोवती डावी-उजवीकडे वळतं त्या अक्षाचा तो कल आहे. स्विफ्टसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) स्ट्रटचं वरचं माउंट आणि लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, बॉल जॉइंट यांना जोडणारी रेघ मनात ओढा, तोच हा अक्ष. त्याचं वरचं टोक मागे असेल तर कॅस्टर पॉझिटिव्ह. मोटरसायकलचा पुढचा फोर्क मागे कललेला असतो, तसंच हे. ही रेघ जमिनीला जिथे भिडते त्याच्या थोडं मागे टायर टेकलेला असतो. त्यामुळे चाक त्या बिंदूमागे ओढलं जातं आणि वळण संपल्यावर हात सैल सोडले की स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. महामार्गावर गाडी स्थिर वाटते त्यातही याचा मोठा वाटा असतो.

आता वळणाकडे येऊ. गाडी वळताना बॉडी बाहेरच्या बाजूला कलते आणि बाहेरच्या चाकालाही सोबत नेते. त्या चाकाचा कॅम्बर रस्त्याच्या हिशोबाने पॉझिटिव्हकडे जातो, टायर बाहेरच्या कडेवर चढतो, आणि सगळ्यात जास्त भार ज्या टायरवर आहे त्याचीच पकड कमी होते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये ही अडचण जास्त जाणवते, कारण सस्पेन्शन दबताना कॅम्बर पुरेसा निगेटिव्ह होत नाही. म्हणून आधीच थोडा निगेटिव्ह कॅम्बर ठेवतात. रस्त्यावरच्या गाडीला साधारण अर्धा ते एक अंश, ट्रॅकवर दोन-तीन अंश.

पण हा कॅम्बर सरळ रस्त्यावरही तसाच राहतो. टायर आतल्या कडेने खातो, म्हणजे झिजतो, आणि सरळ रेषेत जोरात ब्रेक मारताना टायर पूर्ण रुंदीने टेकत नाही. घाटात मजा यावी म्हणून रोजच्या वापरातल्या गाडीला दोन-अडीच अंश कॅम्बर करून घेणं मला म्हणूनच पटत नाही.

कॅस्टरची खरी गंमत इथे आहे. अक्ष मागे कललेला असल्यामुळे स्टिअरिंग फिरवताच बाहेरचं चाक निगेटिव्ह कॅम्बरकडे झुकतं आणि आतलं पॉझिटिव्हकडे. म्हणजे दोन्ही चाकं वळणाच्या आतल्या बाजूला कलतात, अगदी हवी तशी. कॅस्टर ६ अंश आणि चाक २० अंश वळलेलं असेल, तर त्यातून ढोबळमानाने २ अंश निगेटिव्ह कॅम्बर मिळतो. सरळ आलात की तो गेला! अक्ष समोरून पाहता आतही कललेला असतो आणि तो कल यातला काही भाग खातो, तरी उरतं ते मोलाचं असतं. किंमत एवढीच, की स्टिअरिंग जड होतं. पॉवर स्टिअरिंग आल्यावर ती अडचण कमी झाली. मर्सिडीजच्या काही गाड्यांत कॅस्टर १० अंशांच्या आसपास असतो.

या दोघांचं नातं मशीनलाही माहीत असतं. कॅम्बर मशीन थेट मोजतं. कॅस्टर मोजायला मात्र चाकं ठरावीक अंशांनी डावीकडे, मग उजवीकडे वळवावी लागतात; त्या दरम्यान कॅम्बर किती बदलला यावरून कॅस्टरचा हिशोब होतो. घाईच्या दुकानात नेमकी हीच पायरी गाळतात. ती करून घ्याच.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा तपासा, आणि टायर अदलाबदल करून पाहा. ओढ तशीच राहिली तर कागद पाहा: गाडी जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरच्या बाजूला ओढते, पण कमी कॅस्टरच्या बाजूला. दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असला तर शोध घ्यावा. पावसाळ्यात खड्ड्यात चाक जोरात आदळलं की लोअर आर्म वाकून किंवा त्याच्या सांध्यातला रबरी बुश फाटून चाक मागे सरकतं, आणि त्या बाजूचा कॅस्टर घटतो. टायर मात्र कडेने खात नाही, म्हणून दोष लवकर सापडत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत टाय रॉडवरून, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यावरून, फक्त टो बदलता येतो. स्ट्रटच्या खालच्या जोडाला एक्सेंट्रिक बोल्ट, म्हणजे कॅम्बर बोल्ट, बसवून कॅम्बर थोडा हलवता येतो. कॅस्टरसाठी वेगळं टॉप माउंट किंवा ऑफसेट बुश लागतो. काहीही बदललं तरी क्रम आधी कॅस्टर, मग कॅम्बर आणि शेवटी टो असा ठेवा, कारण पहिल्या दोघांना हात लावला की टो हलतोच.